सासऱ्यांसोबत पाहिलेला भुताचा सिनेमा

तो सिनेमा वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. भुताच्या पाठीवरची चेन दिसत होती. रक्त म्हणून जे वाहायचं ते लग्नातल्या गुलाबी सरबतासारखं होतं, आणि एवढं वाहायचं की एका माणसाच्या अंगात हे मावलं कसं, असा प्रश्न पडावा. आभाळात ढगाचा तुकडा नसताना विजा कडाडायच्या. कुणाचा मुडदा पडला की पुढच्याच मिनिटाला एक जाडा स्वयंपाकी यायचा, पातेल्यात पाय अडकून पडायचा, आणि आपण हसावं अशी अपेक्षा असायची. हे सगळं मी माफ केलं असतं, एक गोष्ट सोडून. सिनेमातल्या पोरीला मारायच्या आधी कॅमेरा तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचा, ती नजर मला आजही माफ करता येत नाही.

तरी मी तो सिनेमा तीनदा पाहिला. आणि माझं माझ्या सासऱ्यांशी पहिलं खरं बोलणं झालं ते त्याच्यामुळंच.

माझं माहेर तलवाड्याचं. लग्न होऊन मी गोदाकाठच्या एका गावात आले. गोदाकाठ म्हटलं की लोकांना हिरवं शिवार आठवतं. त्या वर्षी नदीच्या पात्रात नुसती वाळू होती, आणि वाळूत बायांनी हातानं उकरलेले झरे. तेही पुढं पुढं आटले. माझे मालक पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते, त्यामुळं दुष्काळात सगळ्या गावाला काम नव्हतं तेव्हा त्यांना एकट्याला झोपायला सवड नव्हती. चार चार दिवस त्यांचं तोंड दिसायचं नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेले. घरातला कडबा संपला तेव्हा सासऱ्यांनी गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीकडं बघत एवढंच सांगितलं, "सूनबाई, छावणीला चलावं लागंल."

चाऱ्याची ही छावणी आमच्या भागातल्या दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं उघडली होती, गेवराईच्या अलीकडं, सहकारी जिनिंगच्या मैदानावर. शिवारात कापूसच नव्हता म्हणून जिनिंग बंद पडलेलं. जिथं कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं आता गुरांच्या रांगा. बांबूवर ताडपत्री आणि बारदान टाकून केलेली सावली, मध्ये पाण्याचा हौद, सकाळी मोजून टाकलेला ऊस आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आम्ही दोन बैल, एक म्हैस आणि एक गाभण गाय घेऊन तिथं गेलो आणि चार महिने राहिलो.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामा उंच, काटक, मिशा पांढऱ्या. बोलणं इतकं कमी की वर्षभरात माझ्याशी त्यांचे जे शब्द झाले ते ओंजळीत मावले असते. "पाणी." "वाढ." "आलो मी." गावात त्यांचा दरारा होता. कुणाच्या घरात जनावर निघालं, म्हणजे साप, की मामांना बोलावणं यायचं. ते काठीच्या टोकावर साप उचलून ओढ्यापलीकडं सोडून यायचे आणि हात धुवून जेवायला बसायचे. मी त्यांच्यासमोर पदर कपाळाच्या खाली ओढून वावरायची. छावणीत आल्यावर तर आम्ही दोघंच. ते बैलांजवळ उघड्यावर झोपायचे. मी शेजारच्या खोपटात एका धनगरीण म्हातारीसोबत. तिची पोरं मेंढरं घेऊन लांब गेलती आणि ती दोन गायी सांभाळत मागं राहिलेली. सगळी छावणी तिला आत्या म्हणायची.

दुपारी छावणीत काहीच काम नसायचं. सकाळचा चारा पडलेला, संध्याकाळच्या पाण्याला वेळ. ऊन असं की म्हशी जीभ बाहेर काढून पडलेल्या. मग माणसं भांडायची. कुणाचं दावं कुणाच्या खुंटीवर गेलं, कुणाच्या बैलानं कुणाची पेंढी ओढली. एकदा हौदावर दोन बाया घागरींनी एकमेकींना मारायला उठल्या, तेव्हा संस्थेच्या सेक्रेटरीनं डोकं लावलं. त्यानं गेवराईहून एक भाड्यानं सीडी लावणारा बोलावला. जिनिंगचं गोदाम रिकामं होतंच. मोठ्या दारांना बारदानाचे पडदे लावले की आत भर दुपारी अंधार व्हायचा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काड्या खाली यायच्या आणि वरच्या लोखंडाला जुन्या कापसाचे धागे लोंबत असायचे. लाईट असली की टीव्ही चालायचा. मध्ये एक दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडं बाया, पलीकडं गडी.

पहिले आठ-दहा दिवस देवादिकांचे सिनेमे झाले. म्हाताऱ्या हात जोडून बघायच्या. मग सीडीवाल्याकडचे देव संपले, आणि एका दुपारी त्यानं तो सिनेमा लावला.

नाव पडद्यावर आलं आणि मी ओळखलं. मी तो आधी पाहिलेला होता. लग्नाआधी गेवराईच्या टॉकीजला, दुपारच्या खेळाला, मोठ्या भावासोबत. घरी सांगितलेलं की वह्या आणायला जातोय. मला असले सिनेमे लई आवडायचे. भाऊ अर्ध्यात घाबरून बाहेर शेंगदाणे आणायला जायचा आणि मी खुर्चीचा लोखंडी दांडा धरून डोळे फाडून बसायची. पण हे सासरच्या माणसाला कळू द्यायचं नव्हतं. मी पदर पुढं ओढला आणि पहिल्यांदाच बघतेय असा चेहरा केला.

गोष्ट साधी होती. एका मोठ्या बागायतदाराचा पोरगा आणि त्याचे तीन दोस्त. देवळाबाहेर फुलं विकणारी एक पोरगी. ते तिला बंगल्यावर नेतात, तिची विटंबना करतात आणि तिला मागच्या विहिरीत टाकून देतात. मग ती परत येते. एकेकाला मारते. एकाला स्वतःच्याच केसांनी, एकाला उसाच्या चरकात, एकाला आरशात ओढून. बागायतदाराचा धाकटा पोरगा साधा असतो, त्याचं लग्न ठरलेलं असतं, तो आणि त्याची होणारी बायको यातून कसे वाचतात ते पुढं.

चरकाचा सीन आला तेव्हा गोदामात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. बाया ओरडल्या. दहा-बारा नव्हे, दोरीच्या अलीकडच्या सगळ्या. ज्यांचा आवाज चुलीपलीकडं कधी गेला नव्हता अशा, सासूसमोर शिंक दाबणाऱ्या, नवऱ्याच्या मागं चार पावलं चालणाऱ्या. छातीतून, नरड्याच्या शिरा ताणून. माझ्या शेजारची आत्या तर उभी राहिली आणि म्हणाली, "चेंग! चेंग त्याला!" मग सगळ्या हसल्या आणि परत ओरडल्या. मीही ओरडले. पदर खांद्यावर पडला होता तो मला कळलाही नाही.

तेव्हा मला एवढंच वाटलं की मजा आली. आता कळतं की त्या वर्षी आम्हा सगळ्यांच्या पोटात एक भीती बसलेली होती आणि तिला तोंड नव्हतं. पाऊस येईल का, गाय जगेल का, हौदात उद्या पाणी पडेल का. ती भीती कुणाला दाखवायची, कुणावर ओरडायचं? सिनेमातल्या भीतीला चेहरा होता, केस होते, ती दारातून यायची आणि अडीच तासांत संपायची. आणि तिथं ओरडलं तर कुणी "बाईच्या जातीनं हळू बोलावं" म्हणत नव्हतं. सिनेमा करणाऱ्यानं असला काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्याला आम्हाला घाबरवायचं होतं आणि गड्यांना ती पोरगी दाखवायची होती. पण आम्ही त्यातून आमचं तेवढं घेतलं.

ओरडताना मी दोरीपलीकडं पाहिलं. मामा कडेला बसले होते, भिंतीला टेकून. उपरण्याचं टोक तोंडात धरलेलं. डोळे गच्च मिटलेले. हात गुडघ्यांवर आणि बोटं एकमेकांत अडकलेली. काठीवर साप तोलणारा माणूस लहान लेकरासारखा बसला होता. मी पटकन नजर काढून घेतली. सासऱ्याचं असलं काही बघणं म्हणजे ते अंघोळ करताना बघण्यासारखं वाटलं.

सिनेमा दोन सीड्यांचा होता. दुसरी सीडी शेवटाकडं अडकायला लागली. त्या पोरीचा चेहरा पडद्यावर चौकोन चौकोन होऊन थिजला. सीडीवाल्यानं ती बाहेर काढून शर्टाला पुसली, परत घातली, परत तिथंच. शेवट काही दिसला नाही. लोक बडबडत उठले आणि गुरांकडं गेले.

संध्याकाळी मी म्हशीला हौदावर पाणी पाजून आणलं. मामा गाईसमोर वाढे तोडत बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई."

"जी."

"त्या पोरीचं पुढं काय झालं आसंल?"

मला आधी कळलंच नाही कुठली पोरगी. मग कळलं आणि मी घाबरले. मी हा सिनेमा आधी पाहिलाय हे त्यांना माहीत होतं की काय? पण ते सहज विचारत होते. दुपारपासून तोच विचार मनात धरून बसलेलं माणूस विचारतं तसं.

मला शेवट ठाऊक होता. एक साधू येतो, मंत्र म्हणतो, तिच्या केसांत खिळा ठोकतो आणि तिला परत त्याच विहिरीत बंद करतो. वरून दगड. मग धाकट्याचं लग्न लागतं, सनई वाजते, बागायतदार डोळे पुसतो. तिच्यासाठी कुणीच रडत नाही. टॉकीजमध्ये हे बघताना मला काही वाटलं नव्हतं. पण वाढे तोडणाऱ्या त्या म्हाताऱ्या हातांकडं बघताना ते मला सांगवेना.

मी म्हणाले, "माझ्या भावानं पाहिलाय त्यो. शेवटाला ती घरी जाती."

"घरी?"

"व्हय. चारी जण मेले की तिचा राग निवतो. मग ती तिच्या मायकडं जाती. माय चुलीपुढं बसलेली असती. ती म्हणती, किती उशीर केलास गं. आन् तिच्या डोक्याला तेल लावती. मग ती झोपती. झालं."

"तिची माय हाय का सिनेमात?"

"हाय की. शेवटाला येती."

मामांनी वाढ्यांचा तुकडा गाईच्या तोंडात दिला. मग म्हणाले, "मंग बरं झालं." आणि उठून बैलांकडं गेले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी पहाटे गाय अडली. उजाडताना आत्यानं मला हलवलं, "ऊठ गं, तुझी गाय कळा देतीय." मी बाहेर आले तर मामा तिच्या मागं गुडघ्यावर बसलेले, बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळलेल्या. वासराचा एकच पाय बाहेर आला होता. दुसरा आत दुमडलेला. छावणीचा जनावरांचा डॉक्टर यायला अजून तास होता.

"शेपूट धर," मामा म्हणाले. मी धरली. त्यांनी हाताला तेल चोपडलं आणि कोपरापर्यंत आत घातला. गाय हंबरली नाही, नुसती थरथरली. मामा तिच्याशी बोलत होते. माझ्याशी वर्षभरात बोलले नसतील एवढं. "थांब माय. थांब माझे बाई. आलं, आलं. जरा दम धर." मग रक्त आलं. गडद, गरम, त्याला वास असलेलं. माझ्या पायावर पडलं. शेपूट माझ्या हातातच होती आणि मी हळूच खाली बसले. डोळ्यांपुढं काळं झालं.

शुद्धीवर आले तेव्हा आत्या माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि वासरू जमिनीवर पडून कान हलवत होतं. कालवड होती, कपाळावर पांढरा ठिपका. मामा त्यांचे हात वाळक्या गवतानं पुसत होते आणि माझ्याकडं बघून हसत होते. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. वरचा एक दात नव्हता.

"सिनेमात तर डोळे फाडून बघत व्हतीस," ते म्हणाले. "हितं कावून पडलीस?"

डोकं अजून गरगरत होतं, म्हणून तोंडातून निघून गेलं. "तुमी तर तिथं डोळे झाकले व्हते."

बोलले आणि जीभ चावली. आत्यानं पदर तोंडाला लावला. मामा मोठ्यानं हसले.

"झाकले व्हते," ते म्हणाले. "हितं माणसाला कायतरी करता येतंय. हात घालता येतोय. तिथं काय, नुसतं बसून बघायचं. ते न्हाई जमत मला."

गाय वासराला चाटायला लागली. त्या दिवशी आत्यानं चीक शिजवला आणि आम्ही तिघांनी एकाच पातेल्याभोवती बसून खाल्ला. मी पदर डोक्यावर ठेवला, पण कपाळाच्या खाली ओढला नाही.

पंधरा दिवसांनी सीडीवाल्यानं त्याच सिनेमाच्या नव्या सीड्या आणल्या. लोकांनीच मागणी केलेली, शेवट राहिला होता म्हणून. मला वाटलं मामा येणार नाहीत. ते आले. यावेळी भिंतीला न टेकता पुढं बसले. मी मनातून घाबरले होते. शेवट आता त्यांना दिसणार होता.

पण त्याआधी ती विटंबनेची जागा आली. पहिल्या वेळी ती आली तशी गेली होती. गड्यांकडून दोन-चार शिट्ट्या, बायांच्या माना खाली. यावेळी पोरीची ओढणी ओढली जाते तिथं मागून कुणीतरी ओरडलं, "पुन्ना घे बे!" सीडीवाल्यानं हसत बटण दाबलं. सिनेमा मागं गेला. पोरगी परत देवळाबाहेर, परत हसतेय, परत बंगल्याच्या दारात. शिट्ट्या वाढल्या. संपल्यावर परत, "पुन्ना!" तो परत मागं गेला.

बायांमध्ये कुणी हलत नव्हतं. जे नरडं चरकाच्या वेळी फाटेस्तोवर ओरडलं होतं त्यातून आता आवाज निघत नव्हता. मला गोदामाबाहेर जायचं होतं आणि उठता येत नव्हतं. उठलं की सगळे बघणार. आत्या माझ्या शेजारी पुटपुटली, "मुडदे बशिवले ह्यांचे," पण तीही हळूच.

तिसऱ्यांदा सिनेमा मागं गेला तेव्हा मामा उठले. त्यांना उठायला वेळ लागला, पायांना मुंग्या आल्या असाव्यात. ते चालत टीव्हीपाशी गेले आणि त्याच्यापुढं उभे राहिले. पडद्यावरचा उजेड त्यांच्या धोतरावर पडला. त्यांच्या मागून त्या पोरीचा आवाज येत होता.

"म्हातारं, बस की खाली!"

मामा सीडीवाल्याकडं बघत होते. "पुढं घे," ते म्हणाले.

"लोकं मागतेत, काका. मी काय करू?"

"म्हातारा भ्याला बे!" मागून हशा आला.

"व्हय, भ्यालो," मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मागल्या बारीला बी भ्यालतो. डोळे झाकून बसलतो. पण ती एकदा मेलीय. किती डाव मारताव तिला?"

हशा ओसरला. पूर्ण नाही. मागं एक-दोघं अजून हसत होते. मग आत्या उभी राहिली. तिचा आवाज मेंढरं वळवून कमावलेला होता. "पुढं घे रं! आमाला चरक बघायचाय!" आणि बाया हसल्या, आणि एक म्हणाली "घे पुढं," दुसरी म्हणाली, मीही म्हणाले. सीडीवाल्यानं बटण दाबलं. सिनेमा पुढं गेला.

मामा जागेवर येऊन बसले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. चरक आला, आरसा आला, ते बघत राहिले. मग शेवट आला. साधू आला, मंत्र झाले, खिळा ठोकला, दगड ठेवला. सनई वाजली. माय कुठंच नव्हती.

मामांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघत पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसले.

त्या संध्याकाळी मी चुलीवर भाकरी टाकत होते आणि प्रत्येक भाकरीबरोबर वाटत होतं आता मामा बोलतील. जेवण झालं. हात धुतला. मग ते माझ्यापासून चार हातांवर, उसाच्या पाचटावर बसले.

"तिची माय तर कुठंच नव्हती."

"न्हाई."

"मंग कावून सांगितलंस?"

मी म्हणाले, "तुमी इचारलंत तवा... खरं सांगवंना. तुमाला बरं वाटावं म्हणून." मग तेही सांगून टाकलं की सिनेमा भावानं नाही, मीच पाहिलेला. वह्यांच्या नावाखाली. टॉकीजात.

कालवड मामांच्या पायाशी आली, त्यांनी तिच्या कपाळावरचा ठिपका अंगठ्यानं चोळला.

"ती माय," ते म्हणाले, "चुलीपुढची. ती तुझीच हाय न्हवं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी ती गोष्ट बोलता बोलता रचली होती, पण रचताना माझ्या डोळ्यांपुढं आमच्या तलवाड्याची चूल होती. दिवाळीला मला माहेरी न्यायला भाऊ आला होता, तेव्हा गुरांचं कोण बघणार म्हणून मी गेले नव्हते. नंतर छावणी. वर्ष उलटून गेलं होतं. मी कुणाला काही म्हणाले नव्हते. म्हणायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं.

मामांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "संस्थेची दूधगाडी सकाळी तलवाड्याला जाती. उद्या जा. ड्रायव्हर आपल्या वळखीचा हाय, पुढं बसवंल."

"आन् गुरं?"

"मी हाय की."

"भाकरी?"

"आत्या दील. न्हाईतर मी थापीन. काय वाघ हाय का भाकर म्हंजे?"

सकाळी मी दूधगाडीत ड्रायव्हरशेजारी बसून तलवाड्याला गेले. मागं रिकामे कॅन एकमेकांवर आदळत होते. मी दारात उभी राहिले तेव्हा आई घरात नव्हती. टँकर आला म्हणून घागर घेऊन पळाली होती. मीही एक कळशी उचलून रांगेकडं गेले. तिनं मला पाहिलं, आणि तिचा नंबर येणार होता म्हणून रांग न सोडता तिथूनच रडायला लागली. बाया म्हणाल्या, "अगं लेक आली, रडतीस काय?" घागरी भरल्यावरच आम्ही एकमेकींना भेटलो. पाच दिवस राहिले. सिनेमाची गोष्ट आईला सांगितली, टॉकीजचीसुद्धा. ती म्हणाली, "वह्या कुठं दिसल्याच न्हाईत तवाच मला कळलं व्हतं."

परत आले तेव्हा मामांनी थापलेल्या भाकरीचे जळके तुकडे म्हशीपुढं पडलेले होते आणि आत्या ते सगळ्या छावणीला दाखवत होती.

पुढं गोदामात बरेच सिनेमे झाले. मामा आधी मला विचारायचे, "ह्यात कुणाला मारतेत का?" मला माहीत असलं तर मी सांगायची, नसलं तर म्हणायची, बघून सांगते. कधी ते यायचे, कधी बैलांजवळ पडून राहायचे आणि मी आल्यावर गोष्ट ऐकायचे. मी खरीच सांगायची. फार वाईट असली तर तेच म्हणायचे, "न्हाई, त्याचं आसं करू," आणि स्वतः शेवट बदलायचे. त्यांचे शेवट माझ्याहून चांगले असायचे. त्यांच्यात जनावरं जास्त असायची.

मी त्या सिनेमाबद्दल पुष्कळदा विचार केलाय. तो आज माझ्या पोरीनं बघावा का, असं कुणी विचारलं तर मी अडखळेन. त्यातली ती नजर घाण आहे, आणि ज्यांना "पुन्ना घे" म्हणायचं असतं त्यांच्यासाठीच ती ठेवलेली आहे. पण त्याच सिनेमात एक गरीब पोरगी विहिरीतून वर येते आणि बागायतदाराच्या दारावर थाप मारते. ते बघताना छावणीतल्या बायांचे चेहरे मी पाहिलेत. कसं फेकून देऊ ते? वाईट गोष्टीतही आपल्या गरजेचं काही निघतं, आणि घेताना हात बरबटतात. मला याहून शहाणं काही सुचलेलं नाही.

पाऊस उशिरा का होईना झाला, आणि छावणी मोडली. आत्याची पोरं तिला न्यायला आली. ती जाताना माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेली. आम्ही गुरं घेऊन पायी निघालो. कालवड आता उड्या मारत होती, दर दहा पावलांना तिला वळवावं लागायचं. गेवराईजवळ मोठा रस्ता ओलांडायचा होता. मामांनी हात वर करून ट्रक थांबवले, मी गुरं पलीकडं हाकली.

पलीकडं एक चहाचं हॉटेल होतं, बाहेर एक लांब बाकडं. मामांनी बैल लिंबाला बांधले आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "दोन चा." मग ते बाकड्याच्या एका टोकाला बसले आणि दुसऱ्या टोकाकडं हात करून मला म्हणाले, "बस की."

मी इकडंतिकडं पाहिलं. गावाकडची दोन माणसं हॉटेलात बसलेली होती आणि बघत होती. मी बसले. चहा लई गोड होता. समोरून ट्रक जात होते, कालवड गाईला ढुश्या देत होती. आम्ही चहा संपवला, मामांनी बैल सोडले आणि आम्ही नदीच्या रस्त्याला लागलो.